काठावरचे प्रश्न: गळ, तंबू आणि माग

दिवाळी झाली, धरणं भरलेली आहेत आणि पुण्यातून शनिवारी संध्याकाळी निघणाऱ्या गाड्यांमध्ये तंबू आणि गळाच्या काठ्या दिसायला लागल्या आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना उत्तरं देते.

काकू, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मासे धरायचं वेड लागलंय. सात फुटी रॉड, रीळ, रबरी मासे असा सगळा संच आणला. चार रविवार पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या चौपाटीवर जाऊन बसतोय. एकही मासा नाही. मुलगी आता ‘नको बाबा’ म्हणते. गळ चुकतोय की आमिष?
— एक वडील, वारजे

मुलगी ‘नको’ म्हणायला लागली हे वाचून मला फार वाईट वाटलं. ते आधी दुरुस्त करू.

माझे वडील पाटबंधारे खात्यात मिस्त्री होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मी पुढच्या वर्षी जन्मले, आणि धरण पुन्हा बांधायचं काम चालू असताना आमचं बिऱ्हाड तिथल्या वसाहतीत होतं. शेजारच्या वाडीतल्या एका कातकरी आजोबांनी मला आंबी नदीवर गळ टाकायला शिकवलं. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्या हातात काठीच दिली नाही. नुसतं काठाकाठानं चालवलं. कुठे बुडबुडे येतात, बगळा कुठे उभा आहे, खंड्या कुठल्या फांदीवरून सूर मारतो, एवढंच बघायचं. तुम्हीही पुढच्या रविवारी काठी गाडीतच ठेवा आणि मुलीला तासभर असं चालवा.

आता वेळ. पहाटेची वेळ उन्हाळ्यात उत्तम, पण नोव्हेंबर-डिसेंबरात तुम्हाला जो मासा लागू शकतो तो चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली आपल्या देशात आणलेला, उबेत रमणारा मासा. थंड पाण्यात तो सुस्त पडून राहतो, तोंड उघडत नाही. पहाटे साडेपाचला तुम्ही दोघं कुडकुडत होता आणि खाली तोही. साडेनऊ-दहाला जा. ऊन जिथे सकाळपासून पडलंय असा उथळ, वाऱ्याच्या आडोशाचा काठ निवडा. पाणी ओसरलेल्या जागी चिखलात परातीएवढे गोल खळगे दिसले तर समजा, चिलापीच्या नरांनी घरटी केली होती. असे खळगे मुलीला शोधू द्या. तिला ते सापडले की मासा लागण्याआधीच तिचा दिवस भरून पावेल.

चौपाटी मात्र सोडा. गाड्या, भजी, माणसं, काठावरून पाण्यात पडणारे दगड, तिथे मासा जवळ कशाला येईल? पानशेत रस्त्यानं पुढे जा, पण एनडीएच्या हद्दीकडचा काठ पूर्ण वर्ज्य. तो लष्करी भाग आहे, तिथे चुकूनही उतरू नका. आणि जिथे बसाल तिथे आधी होडीवाल्या माणसाला विचारा, ‘दादा, इथला ठेका कुणाकडे आहे?’ धरणातली मासेमारी सहसा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्या पाण्यात बीज सोडायला त्यांनी पैसे घातलेले असतात. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, थोडे पैसे घेतात, आणि वर ‘इथं नका बसू, त्या बाभळीपाशी बसा’ असंही सांगतात. त्या एका वाक्याची किंमत तुमच्या रबरी माशांपेक्षा जास्त आहे. त्यांचं जाळं पाण्यावर धरून ठेवणाऱ्या तरंगांपासून मात्र लांब राहा.

साहित्याचं थोडक्यात. नऊ वर्षांच्या हातात रीळ देऊ नका. आठ-नऊ फुटांची हलकी वेळूची काठी, तेवढाच लांब पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवणारा मोरपिसाच्या देठाचा तरंग, वाटाण्याएवढंही नाही इतकं शिसं आणि १० नंबरचा गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात लक्षात ठेवा. तुमच्या संचातले गळ चिलापीच्या तोंडात मावणारच नाहीत. आमिष म्हणजे गांडुळाचा अर्ध्या पेराएवढा तुकडा, किंवा घट्ट मळलेल्या कणकेची हरभऱ्याएवढी गोळी. कणकेत चिमूटभर शेंगदाण्याची पेंड घातली तर रोहूसुद्धा वास घेत येतो. तरंग पहिल्यांदा थरथरेल, तेव्हा ओढायचं नाही. तो तिरका होऊन चालायला लागला की मनगटानं हलका झटका.

तुमचा सात फुटी रॉड कार्बनचा असेल तर एक गोष्ट नीट ऐका. कार्बनमधून वीज वाहते. काठावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली तो उभा धरू नका, आणि ढग गडगडले की आडवा ठेवून गाडीत जाऊन बसा.

मासे घरी नेणार असाल तर खडकवासल्याच्या वरचेच. शहराच्या खाली मुळा-मुठेत काय सोडलं जातं ते आपल्याला पुलावरून जाताना नाकाला कळतं. तिथला मासा मुलीच्या ताटात नको.

पवनेच्या काठी स्वतःचा तंबू लावून राहायचं आहे. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तयार तंबू भाड्यानं मिळतात, पण तिथे स्पीकर फार असतात. अगदी पाण्याला लागून तंबू लावावा असा मुलाचा हट्ट आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चिंचवड

सासूबाईंना नेताय, फार छान. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणि जमिनीवर टाकायला दोन जाड सतरंज्या घ्या. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते.

मुलाचा हट्ट मात्र मोडा. पाण्याला लागून तंबू लावला की रात्री तीन गोष्टी होतात. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन काठाशी साठते. दवानं तंबू आतून-बाहेरून भिजतो. आणि पाणी सोडल्यावर उघडा पडलेला काठ वरून वाळलेला दिसला तरी खाली गाळच असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठाला समांतर अशी काटक्या, शेवाळ आणि प्लास्टिकची एक रेघ दिसेल. पाणी तिथवर आलं होतं असा तिचा अर्थ. त्या रेघेच्या वर, दोन बांध चढून, जरा सपाट जागा बघा. सूर्योदय तिथूनच जास्त चांगला दिसतो.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही. हे मी शिकले ते १९८८ च्या ऑक्टोबरात, वेल्ह्याजवळ. ओढ्यातली वाळू इतकी मऊ आणि सपाट होती की आम्ही चौघी मैत्रिणींनी तिथेच तंबू ठोकला. आमच्या डोक्यावर चांदणं होतं. पाऊस पडला तो वर डोंगरात. रात्री दीडला आधी मातीचा वास आला, मग खडखडाट, आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत पाणी पोटरीला लागलं होतं. तंबू, भांडी, एका मैत्रिणीचा चष्मा, सगळं गेलं. आम्ही वाचलो कारण एकीला लघवीला जायचं होतं म्हणून ती जागी होती. अजूनही ओढ्याकाठी माझा डोळा नीट लागत नाही.

झाडाखाली तंबू लावताना मान वर करा. वाळकी फांदी आहे का, आणि आग्या मोहोळ आहे का. आग्या माश्यांना धूर आणि उग्र अत्तर सहन होत नाही. त्या उठल्या तर तोंड झाकून पळायचं आणि गाडीत शिरून काचा लावायच्या, हात झटकत उभं राहायचं नाही.

पवनेच्या काठची बरीचशी जमीन खासगी आहे. ज्याचं शेत आहे त्याला विचारा, पैसे द्या, शक्य तर जेवण त्यांच्या घरून घ्या. आणि तुम्ही चिंचवडचे आहात. तुमच्या नळाला येणारं पाणी हेच. म्हणून भांडी धरणात घासू नका, आणि शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून, नंतर माती लोटून या. खुरपं आठवणीनं न्या.

शेगडीबद्दल आई म्हणून सांगते, काकू म्हणून नाही. कोळशाची शेगडी ऊब म्हणून तंबूत घेऊन कोणीही झोपायचं नाही. विझत आलेल्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, खोकला येत नाही, माणूस झोपेतच जातो. दार थोडं उघडं ठेवलं तरी भरवसा नाही. थंडी वाजली तर आणखी एक गोधडी घ्या.

सापांची भीती सासूबाईंना असेलच. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चार आपल्याकडचे महत्त्वाचे विषारी. यातला मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दुखतही फारसं नाही, म्हणून तंबूची चेन कायम बंद. रात्री बूट घालून, बॅटरी पायापुढे धरूनच चाला. सकाळी बूट झटकून घाला. चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं मोठं रुग्णालय गाठा. ते कुठे आहे हे निघायच्या आधीच विचारून ठेवा.

बोटीत बसलात तर चौघांनाही लाइफ जॅकेट. जॅकेट नसलेल्या बोटीत मुलगा कितीही रडला तरी बसवू नका. पोहता येतं म्हणून पाण्यात उतरू नका. धरणाच्या पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध आणि विहिरी असतात, कमरेएवढ्या पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जातं.

काकू, आमच्याकडे सासवडला मित्र रात्री टॉर्च आणि कुत्री घेऊन सशाला जातात. कधी तितर. मलाही बोलावतात. म्हणतात, स्वतःच्या रानात काही अडत नाही. खरं आहे का?
— वय २२

नाही रे. रान तुझं असलं तरी ससा तुझा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, आणि त्याला सातबारा विचारला जात नाही. चिंकारा किंवा काळविटासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर शिक्षाच तीन वर्षांपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. रानडुकरांनी पिकाचं नुकसान केलं तर त्यासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज आहे. तो शेतकऱ्याचा मार्ग आहे, रात्रीच्या गंमतीचा नाही.

माझे आजोबा शिकारी होते, ठासणीची बंदूक होती त्यांच्याकडे. त्यांचं जे खरं कसब होतं ते नेम धरण्याचं नव्हतं. ओल्या मातीतला माग बघून ते सांगायचे, जनावर कधी गेलं, दमलेलं होतं का, बरोबर पिल्लू होतं का. ते कसब तू शिक. तुझ्या घराजवळ सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. इंदापूरकडे कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला वनखात्याची गवताळ सफारी आहे. पहाटे जा. लांडगा बघ. एकदा लांडग्यानं मागे वळून तुझ्याकडे पाहिलं की त्या टॉर्चवाल्या मित्रांना काय सांगायचं ते तुला मला विचारावं लागणार नाही. आणि त्यांनाही बरोबर ने.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा महसीर लागला, साधारण दोन किलो. फोटो काढून सोडला, पण तो उलटा होऊन तरंगला. काय चुकलं? त्या रात्री झोप आली नाही.
— एक वाचक, औंध

तुमची झोप गेली याचा अर्थ तुम्ही चांगले गळवाले व्हाल. हा मासा आपल्या मातीतला आहे. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरूनच त्याचं वर्णन केलं, शास्त्रातलं त्याचं ‘खुद्री’ हे नाव तेव्हाचं. आज त्याच नदीत तो शोधून सापडत नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी गेली पन्नासेक वर्षं त्याची पिल्लं वाढवली, महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचा म्हणून त्याला कुणी हात लावत नाही.

तुमच्या पत्रात ‘फोटो काढून’ हे दोन शब्द आहेत, तिथेच घोटाळा आहे. मासा लागल्यावर तो जितका झगडतो तितका धापलेला असतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला हवेत धरतो. बारीक तंगूस लावून अर्धा तास खेळवू नका, जाड लावा आणि लवकर काठाशी आणा. खडकावर, वाळूत ठेवू नका. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते, म्हणून हात ओले करून, पाण्यातच धरून गळ काढा. घरून निघतानाच पक्कडीनं गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला असेल तर गळ एका झटक्यात सुटतो. फोटो हवाच असेल तर स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात.

सोडताना ढकलायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात धरायचा. कल्ले नीट हलायला लागतात, शेपटीत जोर येतो आणि तो आपणहून हातातून जातो. कधी पाच मिनिटं लागतात. पाणी गार असतं, कंबर दुखते, तरी उभं राहायचं. गळ गिळला असेल तर ओढून काढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. गळाला कासव लागलं तरी असंच, तंगूस जमेल तितका जवळ कापून लगेच पाण्यात.

आणखी एक, पुढच्या पावसाळ्यासाठी. मरळ धरायला गेलात आणि पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसला, तर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. तेव्हा ते कशावरही झडप घालतात, म्हणून सहज लागतात. त्या जागी गळ टाकू नका. जोडी उचलली की तासाभरात बाकीचे मासे तो सगळा घोळका खाऊन टाकतात.