लाकूड स्टेन ‘पीत नाही’, ‘धरत नाही’ आणि ‘चट्टे पडतात’

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे: सातपूरहून आणलेल्या पॅकिंगच्या पाइनचं शेल्फ आणि पंचवटीतल्या वाड्याचा जुना सागवानी दरवाजा, दोन्हींना स्टेन (तंतू न झाकता लाकडाला छटा देणारा द्रव) मारायचा आहे. सुतार म्हणतो, ‘पीत नाही’. पॉलिशवाला म्हणतो, ‘धरणार नाही, चट्टे पडतील’. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि स्टेनला मराठीत ‘डाग’ म्हणावं का?

डाग म्हणू नये. डाग नको असताना पडतो आणि तो काढायचा असतो. ‘रंग’ म्हटलं तर मिस्त्री ऑइलपेंट धरून चालेल, ‘पॉलिश’ म्हटलं तर वरचा पारदर्शक थर. स्टेन हाच शब्द कारागिरांच्या तोंडी आहे, तोच ठेवावा.

पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण हे तीन वेगळे दोष आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

‘पीत नाही’ हे घट्ट लाकडाचं लक्षण, उदाहरणार्थ बाभळीचा गाभा. नेहमीच्या स्टेनमध्ये रंगाची बारीक पूड असते. ती डब्याच्या तळाशी बसते म्हणून आधी ढवळावं लागतं. ही पूड फक्त रंध्रांत शिरते, बाकीची पुसताना फडक्यावर येते. तिथे विरघळणारा रंग, म्हणजे डाय, वापरावा. पाण्यातला डाय असेल तर आधी ओलं फडकं फिरवून लाकूड वाळू द्यावं आणि उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या सँडपेपरने हलकेच उतरवावेत. स्पिरिटमधल्या डायवर चपडीचं (लाखेचं) पॉलिश हाताने घासू नये. स्पिरिट खालचा रंग ओढून आणतं. सुरुवातीची घासाई १८० नंबरवर थांबवावी. फार गुळगुळीत केलेलं लाकूड आणखी कमी पितं.

‘धरत नाही’ म्हणजे स्टेन बसतो, पण वाळत नाही किंवा निघून येतो. सागात मुळातच तेल असतं, आणि जुन्या दरवाजावर पॉलिश, मेण, तेलाचे हातही असतात. ते सगळं कोऱ्या लाकडापर्यंत खरवडून काढावं, मग थिनरने पुसावं. थिनर उडाला की लगेच स्टेन मारावा, कारण दिवसभरात आतलं तेल पुन्हा वर येतं. फेव्हिकॉलचा ओघळ राहिला असेल तर तिथेही स्टेन धरत नाही.

‘चट्टे पडतात’ ही पाइनची तक्रार, आणि इथे खरं तर लाकूड जास्त पितं, फक्त सगळीकडे सारखं नाही. फिकट, मऊ पट्टा भराभर पितो. शेजारची गडद, राळेची रेघ जवळपास काहीच घेत नाही. त्यामुळे स्टेननंतर फिकट पट्टे काळे आणि गडद रेघा उजळ दिसतात, फोटोच्या निगेटिव्हसारखं. टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं की चट्टे कुठे पडणार ते आधीच दिसतं.

यावर उपाय: एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे ६० ग्रॅम मेण काढलेली चपडी विरघळवून एक पातळ हात द्यावा. एक-दोन तासांनी ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवावा. मग जेल स्टेन लावावा; तो घट्ट असल्याने आत न जाता वरच राहतो. पाच मिनिटांनी तंतूंच्या दिशेने पुसावा. छटा फिकी येईल, हे त्या चपडीमुळेच. आणखी गडद हवी तर रात्रभर वाळवून दुसरा हात द्यावा. फळीच्या कापलेल्या टोकांना चपडीचे दोन हात लागतात, नाहीतर ती काळी पडतात.

तेव्हा मिस्त्रीने ‘पीत नाही’ म्हटलं तर ‘सगळीकडे, की ठिकठिकाणी?’ हे विचारून घ्या. सगळीकडे असेल तर डाय, ठिकठिकाणी असेल तर चपडी. आणि उत्तर काहीही आलं तरी त्याच लाकडाच्या तुकड्यावर, वरच्या पॉलिशसकट, नमुना करून मागा. नुसता वाळलेला स्टेन फिका, मातकट दिसतो. खरी छटा पॉलिशचा हात पडल्यावरच कळते.