सहा किलोची कुत्री उचलायला गेलं की चावते, बेड्याशी कोणी आलं की भुंकत सुटते. गणपतीपर्यंत काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळच्या वाडीत घर, अडीच वर्षांची पॉमेरेनियन कुत्री. बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, माणूस दिसला की भुंकत सुटते, उचलायला गेलं की दात लावते, पाऊस लागला की पडवीत मुतते. गणपतीला सहा आठवडे उरलेत आणि मुंबईहून दोन लहान मुलांसकट बारा माणसं येणार.

मी चावण्यापासून सुरुवात करतो. भुंकणं आणि घाण सोसता येते, पोराच्या गालाला लागलेला दात सोसता येत नाही.

आधी पशुवैद्याला दाखवा. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणं आणि हिरड्या सुजणं फार आढळतं. आपल्याकडच्या दमट हवेत कानही लवकर बिघडतात. चालताना मध्येच दोन-चार पावलं एक मागचा पाय उचलून टाकत असेल आणि मग पुन्हा नीट चालत असेल, तर वाटी तपासून घ्याच. आपण काखेत हात घालून उचलतो, मागचं धड लोंबकळतं आणि दुखऱ्या पायाला हिसका बसतो. दुखत असेल तर शिकवणी उपयोगाची नाही, आधी औषध.

ती गुरगुरली की ओरडू नका, चापट तर नकोच. गुरगुरणं ही तिची सूचना आहे. ती मारून बंद केलीत तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावा बसतो. मोठा कुत्रा गुरगुरला तर सगळे मागे सरतात, लहान कुत्रीला हसून तसंच उचलतात. म्हणून ती दातापर्यंत पोचते.

आता उचलण्याचा सराव. बिनमिठाचं उकडलेलं चिकन हरभऱ्याच्या डाळीएवढं तोडा, दिवसाला 20 ग्रॅमपर्यंत. सहा किलोच्या कुत्रीला याहून जास्त वरखाणं नको. सुकट नको, मीठ फार असतं. तिच्या बाजूला जमिनीवर बसा, वरून वाकू नका. ‘उचलू?’ म्हणा, हात पुढे करा, अंगापासून वीतभर अंतरावर थांबवा आणि मग तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा: आधी हात, मग तुकडा. आधी तुकडा दाखवलात तर ती तुकड्यालाच घाबरायला शिकते. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हात दिसताच ती तुकड्यासाठी तुमच्या तोंडाकडे बघू लागली की पुढची पायरी: छातीला क्षणभर स्पर्श. मग एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, नुसता आधार. मग दोन बोटं वर उचलून लगेच खाली. प्रत्येक पायरीला चार-पाच दिवस धरा.

ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम स्तब्ध होणं, यांतलं काहीही दिसलं तर मागच्या पायरीवर या. हा सराव बहुतेक एकाच ठिकाणी फसतो: पाचव्या दिवशी ‘जमलं’ म्हणून उचलतात आणि सरळ आंघोळीला नेतात. तेवढ्या एका वेळेनं आठवड्याची मेहनत जाते. तोवर तिला उचलूच नका. झोपाळ्यावरून उतरवायची असेल तर खाली पाट ठेवा आणि हाक मारा.

भुंकण्याचं कारण साधं आहे. मासेवाली येते, ही भुंकते, मासेवाली जाते. पोस्टमनचंही तेच. तिच्या लेखी भुंकल्यामुळे माणूस पळाला. तुम्ही ‘गप्प!’ म्हणून ओरडलात तर तुम्हीही सोबत भुंकताय असं तिला वाटतं. बेड्याला खालून तीन फूट हिरवी शेडनेट बांधा, निम्मा त्रास त्यानंच कमी होईल. मग घरातल्याच कुणाला तरी बेडं वाजवायला सांगा. आवाज झाला की दारापासून लांब, आत गोणपाटावर पाच-सहा तुकडे विखरून टाका. कान टवकारतील पण भुंकणार नाही, इतक्या अंतरावर सुरुवात हवी. तुकड्याकडे ढुंकूनही बघत नसेल तर ती फार जवळ आहे.

सकाळी ऊन व्हायच्या आत वीस मिनिटं हुंगत हुंगत फिरवा. गळपट्टा नको, छातीचा पट्टा घ्या, कारण लहान जातींची श्वासनळी नाजूक असते. तिन्हीसांजेनंतर गवताच्या पाणंदीनं नेऊ नका, फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. रात्री घरातच ठेवा, आपल्याकडे बिबट्या कुत्री उचलतो.

मुतण्याचं तितकं कठीण नाही. मूत्राशय लहान, त्यात पावसात पाय भिजवायला ती तयार नसते. पडवीच्या कडेला पागोळ्या लागणार नाहीत अशा जागी ट्रेमध्ये माती आणि गवताची ढेप ठेवा, तिच्या मुतात भिजलेला कापडाचा बोळा त्यावर दाबा. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी तिथेच न्या. जुनी जागा फिनेलनं पुसून कुत्र्याला येणारा वास जात नाही, एन्झाइमवालं क्लीनर लागतं. नसबंदी झालेली नसेल आणि माजानंतर काही आठवड्यांत पाणी व लघवी अचानक वाढली, तर वाट न बघता दवाखाना गाठा, गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

सहा आठवड्यांत घरच्यांच्या हाताला ती सरावेल, पण पाहुण्यांनी उचलावं ही अपेक्षा ठेवू नका. माजघराच्या आतली, पाहुण्यांच्या वाटेवर नसलेली खोली तिची करा, कडी मुलांच्या हाताला येणार नाही इतकी उंच. आजपासूनच तिथे जेवण द्या. झांजा-टाळांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, खाणं चालू असताना लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. फटाक्यांसाठी पशुवैद्याकडून औषध आधीच घ्या आणि एकदा शांत दिवशी देऊन पाहा. माणसांची झोपेची गोळी कधीच नको. मोदकाच्या सारणात मनुका असतात, त्या कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, हे मुलांना आल्या दिवशीच सांगा.

आणि एवढं करूनही दात लागलाच तर लस घेतलेली कुत्री आहे म्हणून थांबू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.