आईबाबांना (वय 62 आणि 66) ग्रँड कॅन्यनची साउथ रिमवरची (दक्षिण काठावरची) रिम ट्रेल, म्हणजे काठानं जाणारी पायवाट, झेपेल का, की नुसते व्ह्यू पॉइंट बघून परत यावं?

झेपेल की. पण हे "नुसते" कुठनं आलं भावा? हाच शब्द आमचे साडू चार वर्षं ऐकवतायत, म्हणून लिहायला बसलो.

साडू दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालतात, दोन दिवस, चिखल तुडवत. मानलं. पण मी लेकीकडं अमेरिकेला निघालो तेव्हा जेवायच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, दरीच्या काठानं फिरणं म्हणजे रंकाळ्याला राउंड मारणं, त्याला ट्रेक म्हणत नाहीत. ते डोक्यात बसलं.

मे संपत आलेला. पहिल्याच दिवशी बायको आणि लेक काठावर बसलेल्या, मी "जरा बघून येतो" म्हणून ब्राइट एंजल ट्रेलनं खाली सुटलो, तेही सकाळी दहानंतर, अर्ध्या लिटरची एक बाटली आणि खिशात भडंगाची पुडी घेऊन. उतरताना काय, पाय आपोआप पळतात. दीड मैलावरचं रेस्टहाउस पाऊण तासात गाठलं, साडूंसाठी सेल्फी काढला, नळाला रांग दिसली म्हणून बाटली न भरताच वळलो. शहाणपणा बघा! गडाला कसं, ताज्या पायानं चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. इथं सगळं उलटं. काठ 7,000 फुटांवर, आपलं कोल्हापूर 1,800 च्या आसपास, त्यामुळं ते सव्वाअकराशे फूट चढताना छातीचा नुसता भाता झाला. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले तेव्हा कळलं. मधेच खेचरांची लाइन आली की अंग चोरून उभं राहायचं, धूळ आणि मुताचा वास खात. शेवटी सत्तरीच्या एका गोऱ्या बाईनं काही न विचारता आपली बाटली पुढं केली आणि मी मुकाट्यानं प्यालो. वर यायला अडीच तास. बायको काहीच बोलली नाही, म्हणजे समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी पाय वाकत नव्हते म्हणून नाइलाजानं रिम ट्रेल धरली, आणि कॅन्यन खरं तर तेव्हा बघितलं. काठावरच्या यावापाई म्युझियमपासून व्हिलेजकडं, म्हणजे हॉटेलं-दुकानांच्या वस्तीकडं, जाताना ट्रेल ऑफ टाइम लागतो, तिथं एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, वाटेत धातूच्या खुणा ठोकल्यात आणि खालच्या थरांतले दगड कडेला मांडलेत, हात लावून बघा. मी मोजत निघालो. 66 मीटरला आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचं वय आटोपलं. ज्या काठावर उभा होतो तो चुनखडक 270 मीटरच्या आसपास. आणि तळाला नदीकाठी जो काळपट खडक दिसतो तो 1,700 च्याही पुढं. साडूंना सांगितलं तर म्हणाले, मीटर मोजायला अमेरिकेला कशाला जायचं.

तर तुमचं. अख्खी रिम ट्रेल 13 मैल आहे, ती करायच्या भानगडीत पडू नका. यावापाई ते व्हिलेज सपाट आणि डांबरी, आईबाबांना तेवढी बास. पुढं हर्मिट्स रेस्टकडं, म्हणजे ट्रेलच्या पश्चिम टोकाकडं, मार्च ते नोव्हेंबर फुकटची शटल असते, दमले की पुढच्या स्टॉपला बसवा, मात्र त्या बाजूला मधे पाणी मिळत नाही, व्हिलेजमधनंच भरून घ्या. खारट काहीतरी जवळ ठेवा, भडंग झकास, फक्त खारींना घालू नका, कडकडून चावतात.

हां, आणि कठडे थोड्याच ठिकाणी आहेत, फोटोसाठी मागं सरकू देऊ नका. बाबांना बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर उंचीचं आधी डॉक्टरांना विचारा, हे खरं मी वरतीच लिहायला पाहिजे होतं.

साडू आता स्वतः निघालेत म्हणे, त्या रेस्टहाउसच्या खालीपर्यंत जाणार. त्यांना मी अजून फक्त सेल्फीच दाखवलाय.