वाचकांचे प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरवरच्या नावाच्या पट्ट्या

प्रश्न : इतवारीत भंगारातून एक काळा कॉम्प्युटर मिळाला. दिसायला स्पेक्ट्रम प्लस, पण नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. मित्र म्हणतात, नक्कल आहे. खरं काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नक्कल नाही. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर १९८४ साली आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन १९८६ मध्ये तो भारतात काढला, त्याचंच हे नाव. परदेशातल्या संग्राहकांना ही पट्टी क्वचितच बघायला मिळते, म्हणून तिला भाव आहे. आणि भाव आहे म्हणूनच आत काय आहे ते बघून घ्या. दोन बंद पडलेल्या मशिनांतून एक चालू करणं ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात वरचं झाकण एकाचं आणि आतलं सर्किट बोर्ड दुसऱ्याचं, असं सर्रास होतं.

उघडताना मशीन पालथं ठेवा. प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर लिहा. मग दोन्ही भाग हाताने धरून सुलटं करा आणि वरचं झाकण फक्त दोन बोटं उचला, कारण कीबोर्डच्या दोन पातळ रिबनी बोर्डात खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या पापडासारख्या झालेल्या असतात, झटका दिला की तडकल्याच. रिबन सॉकेटपाशी धरून सरळ वर ओढा.

बोर्ड कधीचं ते कळायला आता चिपांवरचे चार आकडे वाचा. बहुतेक कंपन्या आधी वर्ष, मग आठवडा छापतात : ८६१४ म्हणजे १९८६ चा चौदावा आठवडा. उलटंही छापतात, पण गोंधळायचं कारण नाही. वर्षात आठवडे ५२-५३, त्यामुळे ज्या जोडीचा आकडा त्याहून मोठा, ते वर्ष. थेट सोल्डर केलेल्या चिपांपैकी सर्वांत नवी तारीख धरा. बोर्ड त्याआधीचं असू शकत नाही. सॉकेटमधली चिप कुणीही बदललेली असू शकते, तिच्यावर विसंबू नका.

चालू करायची घाई असेल तर एक सांगतो : स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. सीताबर्डीत सहज मिळणाऱ्या अॅडॉप्टरांत बहुधा मधला धन असतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय खोचू नका.

प्रश्न : अमेरिकेतून आलेल्या कमोडोर ६४ वर इंद्रधनुष्याचे पट्टे नाहीत, साधी चंदेरी पट्टी आहे. ही दुर्मिळ म्हणतात ती का? विकणारा बराच भाव सांगतोय.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : चंदेरी पट्टी १९८२ च्या अगदी सुरुवातीच्या मशिनांवर होती, नंतर रंगीत पट्टे आले. पण पट्टी उचलून दुसरीकडे चिकटवणं पाच मिनिटांचं काम आहे. आधी मागची व्हिडिओची गोल सॉकेट बघा : सुरुवातीच्या मशिनांत पाच पिना, पुढच्यांत आठ. मग खाली पुढच्या कडेचे तीन स्क्रू काढून झाकण मागे कलतं करा. बोर्डावर ३२६२९८ हा क्रमांक असेल तर गोष्ट जुळते. या मशिनातल्या मॉसच्या (कमोडोरच्याच चिप कंपनीच्या) चिपांवर आठवडा आधी असतो, म्हणजे ३६८२ हा १९८२ चा छत्तिसावा.

दहापट भिंगातून छपाईही बघा. जुन्या स्क्रीन छपाईत रंग सलग आणि कड स्वच्छ असते. आजच्या डिजिटल प्रतीत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. पट्टीभोवती आताच्या पट्टीपेक्षा मोठा, कमी पिवळा पडलेला चौकोन दिसला तर तिथे आधी दुसरं काही तरी होतं.

पाच पिना आणि तो क्रमांक दोन्ही नसतील, तर तुम्ही चंदेरी कागदाचे पैसे देताय. आणि तिकडचा पॉवर सप्लाय १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की संपला.

प्रश्न : शाळेच्या अडगळीत ‘एससीएल युनिकॉर्न’ नावाचा कॉम्प्युटर आहे. हा कुठला? पट्टी निघत आलीय, कशी चिकटवू?
— एक शिक्षिका, सक्करदरा

उत्तर : बीबीसी मायक्रो या ब्रिटिश शाळांतल्या कॉम्प्युटरची भारतीय आवृत्ती, मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी चिप कंपनीची. १९८४-८५ पासून ‘क्लास’ या सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो दिले गेले, त्या घराण्यातला. भंगारात अजिबात देऊ नका.

पट्टी पूर्ण सोडवायची तर ड्रायरची कोमट हवा मिनिटभर द्या आणि दात साफ करायचा धागा करवतीसारखा खालून फिरवा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पट्टीला कायमची घडी पडते. मागचा डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. समोरच्या बाजूला मात्र साबणाचं पाणीच. छपाई वर असेल तर अल्कोहोलने ती बोळ्यावर येते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात. फेविक्विकच्या वाफेने आजूबाजूला पांढुरका थर धरतो, म्हणून पातळ दुहेरी टेपच वापरा. मे महिन्यात गच्चीवर वाळवू नका.

मशीन चालू करण्याआधी पॉवर सप्लायमधले ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कॅपॅसिटर बदलून घ्या, एक्स-२ (थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या सुरक्षित) दर्जाचेच. जुन्यांना तडे गेलेले असतात आणि चालू केल्यावर थोड्याच वेळात धूर येतो.