खापरावरचा रंग वाचायचा, तर रसायनशास्त्र हवंच

प्रश्न : मुलगी नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. जुन्या नक्षीदार भांड्यांवरचे रंग आणि झिलई (भांड्यावर भाजून चढवलेला काचेसारखा थर) कशाची, हे प्रयोगशाळेत शोधण्याचं काम तिला करायचंय. त्यासाठी रसायन सोडून पुरातत्त्वाला जाते म्हणते. तिच्या बाबांना वाटतं, सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला, लागावं. काय करावं?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, तिला रसायन आत्ता सोडू देऊ नका. तिच्या आवडीचं काम त्यावरच उभं आहे.

तांब्याचंच बघा. सोड्या-पोटॅशच्या झिलईत ते फिरोजी दिसतं, शिशाच्या झिलईत हिरवं. म्हणजे रंगाला नाव देण्याआधी झिलई कसली ते ठरवावं लागतं. नेमकं इथंच हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरण टाकून वस्तूतली मूलद्रव्यं ओळखणारं) नवख्याला फसवतं. त्यात शिसं ठळक दिसतं, सोडियम जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याचे क्ष-किरण इतके क्षीण की वाटेतल्या हवेतच शोषले जातात. पडद्यावर सोडियम नाही म्हणून झिलईत सोडा नाही, असं लिहिलं की निष्कर्ष चुकलाच.

निळी नक्षी त्याहून अवघड. गडद निळा बहुधा कोबाल्टचा असतो. कोबाल्टच्या काही खनिजांत आर्सेनिक असतं, त्यामुळे ते सापडलं तर कच्चा माल कुठून आला याचा माग लागू शकतो. पण प्रत्येक मूलद्रव्य ज्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरण ‘रेषां’वरून ओळखतात, त्यात आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) आणि शिशाची १०.५५ ला! शिशाच्या झिलईवर यंत्र ‘आर्सेनिक’ म्हणालं, तरी ११.७३ ची दुसरी रेषा तपासल्याशिवाय मानायचं नाही. शिवाय नक्षीची रेघ २ मिमी आणि किरणांचा ठिपका ८ मिमी असेल, तर शेजारचा पांढरा भागही त्यात मोजला जातो. म्हणून एक मापन निळ्यावर, एक लगतच्या पांढऱ्यावर, असं जोडीनं करून फरक बघायचा.

रामन यंत्राची (लेझर टाकून रंगातलं संयुग ओळखणारं) चूक वेगळी. काळ्या रंगावर लेझरची ताकद जास्त झाली, की मॅग्नेटाइट (लोहाचं काळं ऑक्साइड) तापून तिथल्या तिथं हेमेटाइट (लोहाचं लाल ऑक्साइड) होतं. कुंभारानं कधी न लावलेला लाल रंग मग अहवालात येतो. त्यामुळे सुरुवात कमीत कमी ताकदीनं.

हे हातात बसायला तिनं सुट्टीत एखाद्या स्टुडिओतल्या कुंभाराकडे तीन टाइल करून घ्याव्यात. शिसं नसलेली पारदर्शक झिलई, तिच्या १०० ग्रॅम कोरड्या भुकटीत १, २ आणि ४ ग्रॅम कॉपर ऑक्साइड, तिन्ही एकाच भट्टीत. वजन करताना मास्क हवाच आणि ही भांडी खाण्यासाठी वापरायची नाहीत. पुढं कॉलेजमार्फत एक्सआरएफ मिळालं, तर तांब्याचे आकडे १:२:४ येतात का बघावं. बरेचदा येत नाहीत. झिलईची जाडी आणि तिचं घोटणं सारखं नसतं. ती तफावत का आली, हे तिनं स्वतः शोधलं की निम्मं शिक्षण तिथंच झालं.

डोळा तयार करायला पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे. आपल्या नाशिकमधल्या ‘मातीची गढी’ या टेकाडावर आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं होतं. जोर्व्याच्या लाल भांड्यांवर काळी नक्षी असते, झिलई नसते. चकाकणारं प्रत्येक खापर झिलईचं नसतं, हे ओळखायला शिकणं फार मोलाचं. झिलईची भांडी बघायची तर मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची आहेत. मात्र जुन्या जागेवरून खापर उचलून आणू नये; ते कुठल्या थरातलं हे हरवलं, की विश्लेषणाला अर्थ उरत नाही.

पुढचा रस्ता असा : बीएस्सी, मग विश्लेषणात्मक किंवा असेंद्रिय रसायनात एमएस्सी, सोबत सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी. पुरातत्त्वाचं शिक्षण त्यानंतर किंवा पीएचडीत जोडता येतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे, सांस्कृतिक ठेव्याच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला. जागा मोजक्या असतात, हे तिला आधीच स्पष्ट सांगा.

बाबांची काळजी रास्त आहे. पण एमएस्सीनंतर क्यूसीचं दार उघडंच राहतं. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणं), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), नमुना तयार करणं हे औषध आणि टाइल कंपन्यांतही चालतं. तोवर या सत्रात तिनं प्राध्यापकांना एवढंच विचारावं : कॉलेजला किंवा विद्यापीठात एक्सआरएफ कुठं आहे, आणि तीन टाइल तिथं नेता येतील का.