नोंदणी विवाह ठरवणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद. मांडव, वरात, जेवणावळी यांतले काहीही न करता केवळ सह्या करून लग्न करायचे, हा तुम्हा दोघांचा विचार मला मनापासून पटला. मात्र स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून त्यावर नोटरीचा शिक्का घेतला की लग्न होते, असे तुला कोणी सांगितले असेल तर ते साफ चुकीचे आहे. त्या कागदाने तुम्ही पती-पत्नी ठरत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खालची नोंदणीही तुमच्या उपयोगाची नाही, कारण तिथे आधी विधिपूर्वक झालेल्या लग्नाची नोंद होते. विधी झालेच नसतील तर नुसते प्रमाणपत्र त्या लग्नाला वैध करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

तुम्हाला हवा तो मार्ग विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये आहे आणि तो एकाच धर्माच्या जोडप्यालाही खुला आहे. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षे पूर्ण असावीत, दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा (घटस्फोट झाला असल्यास हुकूमनाम्याची प्रत लागते), संमती देण्याइतकी मानसिक क्षमता दोघांकडे असावी आणि नाते निषिद्ध नसावे. या शेवटच्या अटीवर आपल्याकडे अनेक जण अडतात. मामाची किंवा आत्याची मुलगी या कायद्याच्या निषिद्ध यादीत आहे. रूढीची सवलत असली तरी ती राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या रूढीपुरतीच.

यानंतरचा टप्पा नोटिशीचा, म्हणजे लग्न करणार असल्याच्या लेखी सूचनेचा, आणि सर्वांत जास्त विचार त्याचाच करावा लागतो. नोटीस ज्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला द्यायची, तिथे तुमच्यापैकी एकाने तरी त्याआधीचे सलग ३० दिवस वास्तव्य केलेले असले पाहिजे. ती नोटीस कार्यालयात दर्शनी भागी लावली जाते, आणि तुमच्यापैकी कोणी त्या जिल्ह्यात कायमचे राहत नसेल, तर तिची प्रत त्याच्या कायम वास्तव्याच्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे घरच्यांना अजून सांगितले नसेल तर नोटीस देण्यापूर्वी सांगून मोकळे व्हा. फलकावर वाचलेल्या कोणा परिचिताकडून ते त्यांच्या कानी जाणे फार दुखावणारे असते. पुढच्या ३० दिवसांत कोणीही आक्षेप घेऊ शकतो, परंतु तो वर सांगितलेल्या अटींपैकी एखादी मोडत असल्याचाच असावा लागतो. जात वेगळी आहे, आईवडिलांची संमती नाही, ही कारणे कायद्याला मान्य नाहीत, आणि कोणी त्यांचा धाक घातला तर तू मुळीच डगमगू नकोस. आक्षेप आलाच तर अधिकाऱ्याने चौकशी करून ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याने नकार दिल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

तारीख मात्र फार लांबवू नका. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. जन्मतारखेचे आणि पत्त्याचे पुरावे आधीच ताडून पाहा. एका कागदावर वडिलांचे नाव आणि दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर असले तरी खेटे घालावे लागू शकतात.

प्रत्यक्ष दिवशीही केवळ सह्या पुरत नाहीत. तुम्ही दोघे आणि साक्षीदार घोषणापत्रावर सह्या कराल, आणि त्यानंतर अधिकारी व साक्षीदारांसमोर तुम्ही एकमेकांना आपला कायदेशीर पती, आपली कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे तोंडाने म्हणावे लागेल. भाषा तुम्हाला समजणारी कोणतीही चालते, पण ते उच्चारल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. मग प्रमाणपत्राच्या नोंदवहीत सह्या होतात. विवाहाचा निर्णायक पुरावा तो हाच. सही करण्यापूर्वी त्यातली नावे अक्षर न् अक्षर वाच.

तू दोन साक्षीदार ठरवल्याचे कळवले आहेस. कायद्याला तीन लागतात. तिसरे कोणी मिळाले नसेल तर मला तारीख कळव, मी ओळखपत्र घेऊन येईन.

तुझा शुभचिंतक