गोळ्या बंद केल्यावर केस गळणं आणि गालावर वांग येणं, दोन्ही गोळ्यांमुळेच का?

तुम्ही लिहिलंय की पीसीओडी (अंडाशयाचा त्रास, ज्यात पुरुषी हार्मोन वाढतं) आणि मुरुमांसाठी चालू असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या, दोन-अडीच महिन्यांनी केस पुंजक्याने गळू लागले, आणि गालावर वांगही दिसतोय. मी नागपुरातच फार्मासिस्ट आहे, काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो.

केसांबद्दल घाबरू नका. गोळीतलं इस्ट्रोजेन अचानक थांबलं की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळंतपणानंतर होतं तसंच. बहुतेकींचं हे सहा महिन्यांत आटोक्यात येतं. मात्र भांग रुंद होत चालला असेल तर गोष्ट वेगळी; पीसीओडीतला जो त्रास गोळीने दाबून ठेवला होता, तो वर आलेला असू शकतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्याच.

आता जुनी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा, कारण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. इस्ट्रोजेनमुळे यकृतात एक प्रथिन वाढतं, ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बांधून ठेवतं. त्वचेचा तेलकटपणा कमी होतो, मुरूम बसतात. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात. गोळीत इस्ट्रोजेनच्या जोडीचं दुसरं हार्मोन ड्रोस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोन असेल तर पुरुषी हार्मोनचा जोर आणखी उतरतो. माला-एन या सरकारी गोळीतलं लेव्होनॉर्जेस्ट्रेल मात्र स्वतःच थोडं पुरुषी हार्मोनसारखं वागतं, त्यामुळे काहींना ते मानवत नाही. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनमध्ये इस्ट्रोजेन नसतंच, त्यानेही काहींना मुरूम येतात. कॉपर-टीत हार्मोन नाही.

वांगाला गोळी कारण होऊ शकते, पण तिला उन्हाची साथ लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. गाडीवर स्कार्फ कितीही घट्ट बांधला तरी डोळ्यांखालची गालाची पट्टी उघडीच राहते. तिथे रोज सनस्क्रीन लावा, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असणारं. आणि कळकळीने सांगते, मैत्रिणीने सुचवलेली स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम लावू नका. त्वचा पातळ होते, क्रीम सोडली की चेहरा लाल होऊन भडकतो.

केसांसाठी म्हणून तीच गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. बीपी, डोळ्यांपुढे लकाकून येणारी अर्धशिशी, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या, तंबाखू किंवा सिगारेट, यांतलं काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तोवर गर्भनिरोधनासाठी कंडोम वापरा.